डॉ. सर्गेई कोर्साकोव: रोज नव्याने ओळख करून घेणारे रुग्ण

तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाला बालपणीचे सगळे आठवते, तो बुद्धिबळही बरे खेळतो; पण सकाळी तपासून गेलेले डॉक्टर दुपारी परत आले की त्यांना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा नमस्कार करतो. अशा माणसाला तुम्ही वेडा म्हणाल का? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मॉस्कोतल्या एका डॉक्टरांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला.

सर्गेई कोर्साकोव यांचा जन्म १८५४ चा, रशियातल्या गुस-ख्रुस्ताल्नी या काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातला. १८७५ मध्ये ते मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि मनोरुग्णांच्या सेवेत शिरले. त्या काळी रुग्णांना बांधून ठेवणे नेहमीचे होते. कोर्साकोव यांनी त्याला ठाम विरोध केला. माझ्या मते त्यांचे निम्मे मोठेपण इथेच आहे. बांधलेल्या माणसाशी कोण तासन्‌तास गप्पा मारणार?

त्यांनी मात्र मारल्या, आणि १८८७ पासून निरीक्षणे प्रसिद्ध केली. आजारापूर्वीची माणसे रुग्ण ओळखत, पण आजारपणात रोज भेटणारी त्यांच्या लक्षातच राहत नसत. आठवणीतली रिकामी जागा ते नकळत काल्पनिक घटनांनी भरत. (नातेवाइकांना हे खोटे बोलणे वाटते, तसे ते नसते.) तरीही भेटीचा काही ठसा मागे उरत असावा, हेही कोर्साकोव यांनी टिपले. पुढे १९११ मध्ये जिनिव्हाच्या क्लापारेद यांनी हस्तांदोलन करताना अशाच एका रुग्ण बाईंना टाचणी टोचली. नंतर त्या हात पुढे करेनात, पण कारण त्यांना सांगता येईना.

१८९७ च्या मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत या आजाराला कोर्साकोव यांचे नाव सुचवले गेले. १९०० मध्ये हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ४६.

बिघाड नेमका कुठे, हे त्यांच्या पश्चात कळले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. भूक, झोप, संप्रेरके सांभाळणारा हा भाग. त्याच्या मागच्या टोकाला मॅमिलरी बॉडीज नावाच्या दोन छोट्या गाठी असतात. आठवणी साठवण्यास मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधून निघालेले तंतू या गाठींपर्यंत येतात आणि तिथून संदेश थॅलॅमसकडे जातो. कोर्साकोव आजारात या गाठी आणि थॅलॅमसचे काही भाग खराब होतात. हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत असूनही नवी ओळख टिकत नाही. गाठींच्या शेजारच्याच केंद्रातून हिप्पोकॅम्पसच्या सीए-२ या भागाकडे उलट दिशेनेही तंतू जातात. समोरचा प्राणी नवा आहे हा संदेश ते पोचवतात, असे उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसात हेच घडते असे लगेच धरू नका.

कोर्साकोव यांना कारण शरीरातले विष वाटले होते. जीवनसत्त्वे तेव्हा माहीतच नव्हती. मात्र दारू न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. खरे कारण थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता. म्हणून घरात कुणी खूप दारू पीत असेल, किंवा गरोदरपणात वा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, आणि अशात गोंधळलेपणा, डोळ्यांची विचित्र हालचाल किंवा तोल जाणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दारूचा किंवा उलट्यांचा इतिहास लपवू नका. तो कळला, तर थायमिनचे इंजेक्शन वेळेत, शक्यतो ग्लुकोजच्या सलाईनआधी देता येते.