लग्न भटाने नव्हे, वचनाने लागते!

१८४० साली तेरा वर्षांचे जोतिराव आणि नऊ वर्षांच्या सावित्रीबाई यांचे लग्न लागले ते रूढीप्रमाणेच. त्या वयात त्यांची संमती कोण विचारणार? मग हे जोडपे आम्हाला आदर्श का वाटते? कारण त्यांचे खरे लग्न पुढे लागले. जोतिरावांनी पत्नीला शिकवले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी घर सोडावे लागले, तेव्हा दोघे मिळून बाहेर पडले. मूल नाही म्हणून दुसरी बायको करण्याचा आग्रह झाला; जोतिरावांनी तो झिडकारला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला भटाशिवाय पहिला विवाह झाला. महात्म्याने मंगलाष्टकेच नवी रचली. त्यांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर वचन देतो. पुढे ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीविना लग्न लावले, तेव्हा जोशांनी दक्षिणेसाठी दावा ठोकला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जोशी हरले!

ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लावला. लोकांना सांगितलेले जोतिरावांनी आधी स्वतःच्या घरात केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद उठला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. पन्नास वर्षांच्या सहजीवनाचा याहून मोठा पुरावा कोणता?

आज १९५४ चा विशेष विवाह कायदा जात-धर्म न बदलता लग्नाची मुभा देतो. पण नोटिशीच्या तीस दिवसांत मुलीला घरात कसे कोंडले जाते, हे आम्ही वकिली करताना पाहतो. आणि आमच्या घरांत काय चालते? मंडपात त्रिसरण-पंचशील, पण बोलणीत पोटजात आणि हुंडा! जात वेगळी, धर्म वेगळा, रीत वेगळी असली तरी लग्न अडत नाही. दोघांची राजीखुशी आणि समतेचे वचन नसेल, तर रजिस्टरवरच्या सह्या असूनही ते अपुरेच. फुल्यांचा फोटो मंडपात लावणाऱ्यांनी पोरीला आधी एवढे तरी विचारावे : बाई, तुझ्या मनात काय आहे?