यमूचा चेहरा

कादंबरी वाचताना आपण नुसती अक्षरे वाचत नाही. मनात एक घर उभे करतो, त्यातल्या माणसांना चेहरे देतो. मराठी वाचकाला ही गोडी ज्यांनी लावली, त्यांत हरिभाऊ आपटे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

हरी नारायण आपटे यांचा जन्म 1864 साली खानदेशातील पारोळ्याचा. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले, पण पदवी काही हाती आली नाही. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचा कारभार त्यांनी सांभाळला. तेथे प्रकाशन संस्कृत ग्रंथांचे. हरिभाऊंचे लक्ष मात्र घराघरांतल्या माजघराकडे.

1890 साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. ही यमूची कहाणी, आणि सांगणारीही यमूच. त्यामुळे वाचक तिच्याकडे पाहत नाही, तिच्या डोळ्यांनी पाहतो. पुढचा अंक येईपर्यंत ती मनात वावरणार, आणि चेहरा कोणाचा घेणार? घरातल्याच एखाद्या लेकीचा, बहिणीचा.

काळ कसा होता पाहा. 1891 साली संमतिवयाची मर्यादा 10 वरून 12 वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले! सभेतल्या वादात मुलगी हा एक मुद्दा होता. कादंबरीत ती यमू होती. विधवा झालेल्या यमूचे जबरदस्तीने केशवपन होते, तेव्हा आपल्या बहिणीचा चेहरा तिला दिलेल्या वाचकाला पान उलटणे सोपे गेले नसेल.

पुढे हरिभाऊंनी 'उषःकाल' लिहून शिवकाल उभा केला. 'गड आला पण सिंह गेला' या त्यांच्या कादंबरीवर 'प्रभात'ने 1933 साली 'सिंहगड' हा बोलपट काढला. पडद्यावरचा तानाजी साऱ्या प्रेक्षकांना एकच दिसला. पुस्तकातला मात्र ज्याचा त्याचा.

1912 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 1919 साली पुण्यात ते निवर्तले.

बँकेच्या नोकरीत कर्जाच्या निमित्ताने मी पुष्कळ घरे आतून पाहिली. त्यांतले एकही आज नीट आठवत नाही. यमूचे घर मात्र डोळे मिटून फिरून येईन.

या रविवारी कादंबरीतले एखादे प्रकरण घरात मोठ्याने वाचा आणि यमू कशी दिसते, ते प्रत्येकाला विचारा. आजीची यमू आणि नातीची यमू निराळी निघेल.