डॉ. रुस्तुम जाल वकील

आज धायरींतील औषधांच्या दुकानांत रक्तदाबाच्या गोळ्या सहज मिळतात, आणि पुष्कळदां एकाच गोळींत दोन-तीन औषधें एकत्र केलेलीं असतात. अशी एकही खात्रीची गोळी ज्या काळीं नव्हती, त्या काळीं हा मार्ग खुला करण्यास ज्यांनीं मोठा हातभार लावला, ते डॉ. रुस्तुम जाल वकील हे मुंबईचे.

त्यांचा जन्म १९११ सालीं मुंबईंत पारशी कुटुंबांत झाला. लंडन येथें वैद्यकाचें शिक्षण पुरें करून ते मायदेशीं परतले आणि मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांत त्यांनीं सेवा केली. रक्तदाब अतिशय वाढलेल्या रोग्यास त्या वेळीं अळणी आहार, विश्रांति अथवा मज्जातंतु कापण्याची अवघड शस्त्रक्रिया यांपलीकडे फारसें कांहीं देतां येत नसे. कित्येक कर्तीं माणसें पक्षाघातानें वा हृदय थकून दगावत.

सर्पगंधेचें मूळ वैद्य-हकिमांच्या परिचयाचें होतें. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं रक्तदाबावरील त्याचा गुण १९३१ सालीं नोंदविलाही होता. परंतु बाहेरच्या जगाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. वकिलांनीं हें मूळ झाडपाल्याचें म्हणून टाकलें नाहीं, कीं स्वदेशी म्हणून डोळे मिटून स्वीकारलेंही नाहीं. पन्नास रोग्यांचा रक्तदाब औषधापूर्वीं व नंतर मोजून त्यांनीं आपला निबंध १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. पुढें १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळांतून रेसर्पिन हें शुद्ध द्रव्य वेगळें काढलें.

परंतु एकाच औषधाची मात्रा वाढवीत गेल्यास नाक चोंदे, नाडी मंदावे, कोणाचें मन घोर उदास होई. यावर उपाय म्हणून अल्प मात्रेंतील रेसर्पिनला दुसऱ्या औषधांची जोड मिळाली. थायझाइड लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकतें. हायड्रॅलझिन रक्तवाहिन्या सैल करतें, पण त्यामुळें हृदय धडधडूं लागतें. ती धडधड रेसर्पिन आवरतें. हीं तिन्ही औषधें अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या १४३ रोग्यांवर पारखण्यांत आलीं. १९६७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या ७० जणांपैकीं २७ जणांस गंभीर विकार जडले, औषधें घेणाऱ्या ७३ जणांपैकीं अवघ्या दोघांस.

वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक आणि १९५८ सालीं पद्मभूषण मिळालें. १९७४ सालीं त्यांचें निधन झालें. आज रेसर्पिन क्वचितच देतात. त्याची जागा अधिक सौम्य औषधांनीं घेतली आहे. थोड्या मात्रेचीं औषधें जोडण्याचें तत्त्व मात्र टिकून आहे.

हा रोग बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच बरें वाटतांच घरचीं वडीलधारीं माणसें गोळ्या परस्पर बंद करतात. आपले आजी-आजोबा तसें करीत असतील, तर त्यांना आदरानें थांबवा, आणि रक्तदाब मोजून घेण्यास डॉक्टरांकडे घेऊन जा.