विश्लेषण : यवतमाळला १५ हजार ७०० खाटा? ‘भोर समिती’चे जोसेफ भोर कोण होते?

आरोग्य विभागाच्या भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ‘भोर समिती, १९४६’ हे उत्तर पाठ असते. समितीला ज्यांचे नाव मिळाले ते भोर मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. ते नाशिकचे. सरकारी दवाखाना, खासगी रुग्णालय की विमा या आजच्या वादात त्यांनी ८० वर्षांपूर्वी एक बाजू ठामपणे घेतली होती. त्यांच्या आराखड्यातला ‘जिल्हा’ लोकसंख्येने जवळजवळ आजच्या यवतमाळएवढा होता.

डॉक्टर नव्हे, सनदी अधिकारी

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिकमध्ये एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षण पुण्यात बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात, पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. १९०२ मध्ये ते आयसीएसमध्ये दाखल झाले आणि मद्रास प्रांतात रुजू झाले. १९११ मध्ये त्यांनी मार्गारेट स्टॉट यांच्याशी विवाह केला. त्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातून शिकलेल्या डॉक्टर होत्या.

१९१४ ते १९१९ या काळात भोर कोचीन संस्थानचे दिवाण होते. त्यानंतर लंडनमध्ये भारताचे हंगामी उच्चायुक्त, सायमन कमिशनच्या कामात सचिव, शेवटी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रेल्वे व व्यापार खात्याचे सदस्य. ‘सायमन परत जा’च्या घोषणा देश देत होता तेव्हा हे गृहस्थ टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, हे लपवण्यासारखे नाही. १९३५ मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले. आज ज्यासाठी त्यांचे नाव घेतले जाते ते काम तोवर सुरूही झाले नव्हते.

समितीला काय दिसले?

ऑक्टोबर १९४३ मध्ये, महायुद्ध आणि बंगालचा दुष्काळ सुरू असताना, सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली आणि ६५ वर्षांच्या भोर यांना अध्यक्ष केले. सदस्यांत बडे डॉक्टर होते, तसे कामगार नेते ना. म. जोशीही होते. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेचे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट यांच्यासह परदेशी तज्ज्ञांचा सल्लाही घेण्यात आला.

चार खंडांच्या अहवालात देशोदेशीची तुलना आहे. ब्रिटिश भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १६२ बालके वर्षभरात दगावत. इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा ५८ होता, न्यूझीलंडमध्ये ३१. भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे, न्यूझीलंडमध्ये ६५. दर हजार लोकांमागे रुग्णालयातील खाटा इंग्लंडमध्ये सात, अमेरिकेत दहाच्या वर, भारतात ०.२४. म्हणजे चार हजार माणसांना एक खाट. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक, परिचारिका ४३ हजारांमागे एक.

विमा का नाकारला?

त्या वेळी जगासमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या. जर्मनीत १८८३ पासून कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून चालणारा आजारपणाचा विमा होता. अमेरिकेत खासगी डॉक्टर, खासगी रुग्णालय आणि नोकरीसोबत मिळणारा विमा ही पद्धत रुजत होती. सोव्हिएत संघात सगळी सेवा सरकारी होती आणि ब्रिटनही करांच्या पैशावर चालणाऱ्या सेवेकडे वळत होता. तिथे ती ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली.

भोर यांनी करांची वाट धरली. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत हे अहवालाचे मूळ तत्त्व. वर्गणीचा विमा चालायला नियमित पगार लागतो. कपाशी वेचणाऱ्या मजुराच्या कुठल्या पगारातून हप्ता कापणार? सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावेत, त्यांनी खासगी प्रॅक्टिस करू नये, असेही समितीने सांगितले.

यवतमाळचा हिशेब

समितीचा दीर्घकालीन आराखडा ‘तीस लाखांची योजना’ म्हणून ओळखला जातो. ३० लाख लोकसंख्येचा एक जिल्हा धरला होता. १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र, सहा लाखांमागे ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय, जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटा. सगळी बेरीज केली तर सुमारे १७ हजार.

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे. त्याच प्रमाणात जिल्ह्यात सुमारे १५ हजार ७०० खाटा हव्यात, त्यातल्या बहुतेक यवतमाळ शहरात नव्हे तर झरी जामणी, घाटंजी, मारेगाव, महागाव अशा भागांत. हे सगळे ३० ते ४० वर्षांत, म्हणजे १९८०च्या दशकात पूर्ण व्हायचे होते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच १९८९ चे.

प्रत्यक्षात आले ते तातडीच्या टप्प्याचेही छोटे रूप. भोर यांनी ४० हजार लोकांमागे दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका आणि चार प्रसाविका असलेले केंद्र मागितले होते. २ ऑक्टोबर १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात केंद्रे सुरू झाली ती साधारण एका विकास गटामागे एक. आजचा निकष सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. संख्येत तो भोर यांच्या जवळ जातो, ७५ खाटांत नाही.

चूक कुठे झाली?

सगळा दोष सरकारी तिजोरीवर टाकता येत नाही. तेव्हाच्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ‘लायसेन्शिएट’, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले होते. समितीने ही पायरी बंद करून सर्वांसाठी एकच पदवी सुचवली. काही सदस्यांचा त्याला लेखी विरोध होता. पदवीधर डॉक्टर खेड्यात टिकतील हा भोर यांचा अंदाज फसला. वैद्य-हकिमांनाही अहवालात फारशी जागा मिळाली नाही.

मोकळी राहिलेली जागा खासगी क्षेत्राने भरली. मोठ्या उपचारासाठी उमरखेडला नांदेड जवळचे, वणीला चंद्रपूर, बाकीच्यांना नागपूर. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांच्या खिशातून गेली. याउलट २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर आजारी पडू लागले तेव्हा मुख्य भार यवतमाळच्या सरकारी रुग्णालयावरच आला.

भोर यांच्यानंतर

अहवाल १९४६ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी मार्गारेट यांचे निधन झाले होते. दिल्लीतील ‘एम्स’ ही याच समितीची सूचना, ती १९५६ मध्ये प्रत्यक्षात आली. १५ ऑगस्ट १९६० रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी भोर यांचे निधन झाले.

पुढे राज्याने विम्याची वाटही धरली. २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात ठरावीक उपचारांचे पैसे सरकार भरते आणि रुग्णालय खासगीही चालते. तापाची गोळी, बाह्यरुग्ण तपासणी, गावातली परिचारिका हे तिच्यात येत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे शुल्कही गेले. त्या निर्णयात प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सगळे होते. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती, आणि यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच विभागाचे.