विल्यम बँटिंग: ९२ किलोंचा माणूस आणि ऑपरेशनचा प्रश्न

ओपीडीत काही रुग्ण १३०-१४० किलो वजनाचे येतात. त्यांच्याशी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीबद्दल, बोलणे त्या मानाने सोपे असते. अवघड जाते ते ९० किलोंच्या आसपास असलेल्यांशी बोलणे. एवढ्याशा वजनासाठी ऑपरेशन कशाला, जरा चाला, भात सोडा, असे घरच्यांचे म्हणणे असते. रुग्ण मात्र दहा वर्षे चालून आणि भात सोडून थकलेला असतो. दोघांचेही थोडे बरोबर असते.

अशा कुटुंबांना मी बऱ्याचदा विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांच्या काळात हे ऑपरेशन नव्हते. पण त्यांचे वजन, त्यांचा त्रास आणि त्यांची दमछाक आजच्या अशा रुग्णांसारखीच होती.

कोण होते बँटिंग?

विल्यम बँटिंग यांचा जन्म १७९६ सालचा. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांच्या कुटुंबाची पेढी होती. फर्निचर आणि घरसजावटीबरोबर अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणे हा त्यांचा व्यवसाय. राजघराण्याचे काम या पेढीकडे असे. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची आणि १८६१ साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांची अंत्ययात्रा याच पेढीने सांभाळली.

म्हणजे बँटिंग सुखवस्तू होते, शिस्तीचे होते आणि कामात चोख होते. आईवडिलांपैकी कोणाच्याही घराण्यात लठ्ठपणा नव्हता. तरीही तिशी ओलांडल्यावर त्यांचे वजन वाढू लागले आणि पुढची तीस वर्षे वाढतच गेले. लठ्ठ माणूस आळशी असतो किंवा त्याचा मनावर ताबा नसतो, असा आपल्याकडेही समज आहे. बँटिंग यांचे आयुष्य पाहिले तर तो समज टिकत नाही.

तीस वर्षांचे प्रयत्न

सुरुवातीलाच त्यांच्या ओळखीच्या एका नामांकित सर्जनने व्यायाम वाढवायला सांगितले. बँटिंग रोज पहाटे दोन-दोन तास जड होडी वल्हवू लागले. अंगात ताकद आली, पण भूकही जबरदस्त वाढली. ती भागवताना वजन आणखी वाढले. शेवटी त्याच सर्जनने व्यायाम थांबवायला सांगितला.

मग समुद्राची हवा आणि समुद्रस्नान झाले. घोडेस्वारी झाली. औषधी झऱ्यांच्या पाण्यासाठी लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेटच्या वाऱ्या झाल्या. ढीगभर औषधे पोटात गेली. घाम काढणारी तुर्की स्नाने त्यांनी पन्नासपर्यंत घेतली. त्यातून उतरले जेमतेम ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. अर्धपोटी राहूनही पाहिले. त्याने अशक्तपणा आला, अंगावर गळवे उठली, वजन मात्र टिकाऊ उतरले नाही.

होडीचा अनुभव आज आपल्याला समजावून सांगता येतो. व्यायाम हृदयासाठी, स्नायूंसाठी आणि साखरेसाठी फार चांगला. पण एकट्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवणारे संकेत पाठवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. त्यामुळे उतरलेले वजन पुन्हा चढणे हा रुग्णाचा गुन्हा नव्हे. त्यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा असते.

वजन मध्यम, त्रास मोठा

ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंग ६५ वर्षांचे होते. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बीएमआय काढला तर तो ३३ ते ३४ च्या दरम्यान येतो. आपल्या आजूबाजूला असे कितीतरी लोक दिसतात. फार लठ्ठ म्हणून कोणी त्यांच्याकडे वळून पाहणार नाही.

पण बँटिंग यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून ते पाठमोरे, हळूहळू उतरत. थोडे श्रम झाले की धाप लागे. बेंबीपाशी हर्निया झाला होता आणि त्यासाठी पट्टा बांधावा लागे. नजर आणि कान कमजोर होत चालले होते. रस्त्यात, बसमध्ये, सभांमध्ये लोक टोमणे मारत, म्हणून त्यांनी चारचौघांत जाणे कमी केले होते.

म्हणून आम्ही डॉक्टर फक्त बीएमआय पाहून थांबत नाही. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी मांडले. तेही १७९६ सालीच जन्मलेले. ते डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय. एका माणसाचा आजार मोजावा म्हणून त्यांनी ते सूत्र काढले नव्हते, मोठ्या लोकसमूहाचा अभ्यास हा त्यांचा हेतू होता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये रूढ झाले. हा आकडा चर्चा सुरू करायला उपयोगी आहे, निर्णय त्या एकट्यावर होत नाही.

कानाचे दुखणे घेऊन गेले आणि...

बँटिंग कानाच्या तक्रारीसाठी एका तज्ज्ञाकडे गेले होते. त्याने ती फारशी मनावर घेतली नाही आणि पुढे तो सुट्टीवर गेला. म्हणून ते दुसऱ्या कानतज्ज्ञाकडे, विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे वेगळे, ते दोनशे वर्षे आधीचे.) हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी कानाबरोबर समोरच्या माणसाकडेही पाहिले आणि मूळ दुखणे वजनाचे आहे असे सांगितले.

तोपर्यंत बँटिंग यांचा आहार असा होता: सकाळी भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, जेवणात मांस, बिअर, बराच पाव आणि पेस्ट्री, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट आणि रात्री फळांचा टार्ट किंवा दूध-पाव. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा यांवर बंदी घातली. त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा ठरावीक मापाचे मांस किंवा मासे, बटाट्याशिवाय इतर भाज्या, थोडी फळे, कोरड्या टोस्टचा लहान तुकडा आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा.

सप्टेंबर १८६३ पर्यंत बँटिंग यांचे वजन १५६ पौंडांवर आले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो उतरले. कंबर १२ इंचांनी कमी झाली. ते सरळ जिना उतरू लागले, बुटाची नाडी स्वतः बांधू लागले, हर्नियाचा त्रास हलका झाला, ऐकूही नीट येऊ लागले.

एक सावधगिरीची सूचना. त्या आहारात रोज वाइनचे अनेक ग्लास होते. ते अजिबात अनुकरणीय नाही. शाकाहारी माणसानेही घाबरून जाऊ नये. मूळ मुद्दा साखर आणि मैदा कमी करून प्रथिने वाढवण्याचा आहे. घट्ट वरण, उसळी, पनीर, सोयाबीन, चालत असल्यास अंडी, यांतून तो साधता येतो.

पत्र, प्रसिद्धी आणि टीका

आपला अनुभव इतरांच्या कामी यावा म्हणून बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने एक छोटी पुस्तिका छापली आणि ती फुकट वाटली. नाव होते ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’, म्हणजे लठ्ठपणाविषयीचे पत्र. मागणी इतकी वाढली की पुढच्या आवृत्त्या विकाव्या लागल्या. त्यातून आलेला नफा त्यांनी धर्मादाय कामांना दिला. त्यांचे आडनाव इंग्रजीत डाएट करणे या अर्थाचे क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला ‘बांता’ म्हणतात.

वैद्यकीय वर्तुळात टीकाही झाली. डॉक्टर नसलेल्या माणसाने आहार सांगावा हे अनेकांना रुचले नाही. एका माणसाला गुण आला म्हणून सर्वांना येईल का, हा त्यांचा प्रश्न मात्र योग्य होता. तो आजच्या डाएटच्या जाहिरातींनाही विचारायला हवा, आणि ऑपरेशनच्या जाहिरातींनाही.

बँटिंग यांनी वजन पुन्हा फारसे चढू दिले नाही. १८७८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बँटिंग आज आले असते तर?

त्यांच्या हयातीत हा प्रश्नच नव्हता. भूल देऊन ऑपरेशन करणे १८४६ पासून सुरू झाले होते, पण जंतुसंसर्ग टाळण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ मध्ये आली. वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केली.

१९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, असेल तरच ऑपरेशन करावे असे होते. त्या हिशेबाने बँटिंग बसले नसते. २०२२ मध्ये दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले. बीएमआय ३५ च्या पुढे ऑपरेशनची शिफारस, ३० च्या पुढे टाइप २ मधुमेह असेल तरीही शिफारस, आणि ३० ते ३५ मध्ये इतर उपायांनी टिकाऊ फायदा झाला नसेल तर विचार. आशियाई लोकांत कमी वजनातही पोटाची चरबी आणि मधुमेह जास्त आढळतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ च्या पुढे हा पर्याय समोर ठेवावा असे म्हटले आहे. पर्याय समोर ठेवणे म्हणजे ऑपरेशन करूनच घ्या असे नाही.

फायदा किती? अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टँपीड’ अभ्यासात बीएमआय २७ ते ४३ असलेले १५० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण केवळ औषधांच्या गटात ५ टक्के, बायपासच्या गटात २९ टक्के आणि स्लीव्हच्या गटात २३ टक्के होते. फरक मोठा आहे, पण ऑपरेशन झालेल्यांपैकी बहुतेकांना हे कडक उद्दिष्ट गाठता आले नाही, हेही लक्षात घ्या.

किंमतही समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते, म्हणून भूक कमी होते. पण काढलेला भाग परत येत नाही आणि काहींना ॲसिडिटी वाढते. बायपासनंतर बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. रोज वाइन घेणाऱ्या बँटिंगना हे आधी सांगावे लागले असते. अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका कमी, हजारात एकाच्या आसपास असतो, पण शून्य नसतो.

माझ्यापुरते सांगायचे तर, मी बँटिंगना पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख दिली नसती. आधी साखर, बीपी, यकृत, थायरॉइड आणि झोपेतला श्वास तपासला असता. मग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने नीट उपचार, आणि गरज वाटल्यास सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडसारखी औषधे. ही औषधे थांबवली की वजन बऱ्याचदा परत चढते, हेही आधीच सांगितले असते. कारण तीस वर्षांत त्यांनी खूप कष्ट केले होते, पण योग्य दिशेने उपचार एकदाही मिळाले नव्हते. ते मिळूनही गुण आला नसता, किंवा मधुमेह आटोक्यात नसता, तर मात्र त्यांचे वजन मध्यम आहे एवढ्याच कारणाने मी ऑपरेशन नाकारले नसते.

निर्णयाआधी स्वतःला आणि डॉक्टरांना विचारा

- माझे वजन मला नेमका कोणता त्रास देते आहे? मधुमेह, स्लीप ॲप्निया, गुडघे, फॅटी लिव्हर, की फक्त आरशातले रूप?
- याआधीचे प्रयत्न तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते का, की होडी वल्हवण्यासारखे एकट्याने?
- औषधांचा पर्याय माझ्यासाठी आहे का?
- कोणते ऑपरेशन, ते मलाच का, आणि ते उलटवता येते का?
- आयुष्यभर तपासण्या, गोळ्या आणि आहार पाळायला मी तयार आहे का? घरचे साथ देतील का?
- दारू, नैराश्य किंवा अनियंत्रित खाणे यांवर आधी उपचार हवेत का?
- मूल हवे असेल तर किती थांबावे? (साधारण १२ ते १८ महिने.)

घरच्यांनाही एक विनंती. बँटिंग यांच्यावर टोमण्यांचा परिणाम एवढाच झाला की त्यांनी चारचौघांत जाणे कमी केले. गुण आला तो एका डॉक्टरने तक्रार नीट ऐकून घेतल्यावर. पुढच्या भेटीला तुम्हीही सोबत या, आणि आधीचे रिपोर्ट व वजनाच्या नोंदी आणा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.*