कच्चं मडकं

मागच्या उन्हाळ्यात पिंपळे गुरवच्या रूमवर माठ आणायचं ठरलं. फ्रीजचं बजेट नव्हतं, हे सांगायला नकोच. रस्त्याकडेला माठ विकणाऱ्या आजींनी आम्ही पसंत केलेला माठ बोटाच्या पेराने वाजवला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा हातात दिला. पहिल्याचा आवाज बद्द, दुसऱ्याचा खणखणीत. मला एकदम गोरोबाकाका आठवले.

संत गोरा कुंभार. गाव तेर, धाराशिव जिल्ह्यात. काळ परंपरेने 1267 ते 1317 असा धरतात. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मंडळीत वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे काका. तेर म्हणजे साधंसुधं खेडं नव्हे बरं का! सातवाहन काळात रोमशी व्यापार करणारं तगर ते हेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. म्हणजे काकांच्या आधी हजारेक वर्षं या गावाचे हात मातीत होते.

कुंभाराचं काम चाकावर संपतं, असं मला वाटायचं. साफ चूक. चाकावरून उतरतं ते जाड बुडाचं भांडं. ते सावलीत जरा आवळलं की आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हळूहळू ठोकायचं. भिंत पातळ होते, बूड गोल होतं, खरा आकार तिथे येतो. मग आवा. माठाला बरणीसारखी काचेची झिलई देत नाहीत, कारण छिद्रं बुजली तर पाणी झिरपणार नाही, बाष्पीभवन नाही, गारवा नाही. (थर्मोवाल्यांनी लिहून घ्या.)

काकांची एक गोष्ट मात्र मला आजही नीट ऐकवत नाही. चिखल तुडवताना ते विठ्ठलनामात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं, तरी कळलं नाही. पुढे बायकोने विठ्ठलाची शपथ घालून अंगाला हात लावू नका म्हटलं. ती नकळत मोडली तेव्हा काकांनी स्वतःचे हात तोडले. पंढरपूरला कीर्तनात हात आले, मूलही परत मिळालं, अशी कथा. कीर्तनकार शेवट गोड करतात, पण मी त्या आईपाशीच अडकतो.

दुसरी गोष्ट थापटण्याची. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी ते कशासाठी म्हणून विचारलं. मडकी पारखायला, असं कळल्यावर इथली पारखा म्हणाल्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव भडकले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! ही चाचणी खरीच आहे : कच्च्या किंवा तडकलेल्या भांड्यात कंप लवकर विरतो. रेल्वेतही चाकं हातोडीने ठोकून तपासत.

नामदेव रागावून विठ्ठलाकडे गेले. तिथूनही त्यांना विसोबा खेचरांकडे, गुरू करायला पाठवलं गेलं. आणि ते गेले, हे मला विशेष वाटतं. कारण गेल्या सेमिस्टरला एका कंपनीच्या टेक्निकल राउंडमधून बाहेर पडल्यावर मी आठ दिवस फक्त त्या इंटरव्ह्यू घेणाऱ्याला शिव्या घालत होतो. त्याने साधा बेअरिंगचा प्रश्न विचारला होता.

पुढच्या महिन्यात दुसरी कंपनी येतेय. रूम पार्टनर माठाशेजारी बसून रोज मला प्रश्न विचारतो. काल बेअरिंग बरोबर आलं, गिअर चुकले.