अभ्यासयोगी गिचिन फुनाकोशी

कराटे ही विद्या आज आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. पांढरा पोशाख घालून व कमरेला रंगीत पट्टा बांधून सायंकाळी वर्गास निघालेली मुले-मुली आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतूनही दिसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या पुरुषाने ही विद्या ओकिनावा बेटातून जपानच्या राजधानीत नेली व तेथून तिला जगाची वाट मोकळी करून दिली, तो पेशाने प्राथमिक शाळेतील शिक्षक होता आणि केवळ तीन पाठ गिरविण्यात त्याने आयुष्याची दहा वर्षे वेचली होती, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या पुरुषाचे नाव गिचिन फुनाकोशी. त्यांचे चरित्र तरुण पिढीपुढे थोडक्यात ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

फुनाकोशींचा जन्म 1868 साली ओकिनावातील शुरी या गावी झाला. दिवस पुरे भरण्यापूर्वीच जन्मल्यामुळे ते प्रकृतीने अतिशय नाजूक होते. हे मूल फार दिवस जगेल, असा भरवसा घरात कोणालाच नव्हता. आईच्या माहेरी आजी-आजोबांनी त्यांना वाढविले आणि आजोबांनीच चिनी धर्मग्रंथांचे पहिले पाठ दिले. शाळेत एका वर्गबंधूशी त्यांचा स्नेह जडला. या मुलाचे वडील अझातो अँको हे त्या बेटावरील नामांकित कराटेवीर होते. मित्राच्या घरी जाता जाता त्या दुबळ्या मुलास विद्येची गोडी लागली. काही काळाने प्रकृती सुधारत असल्याचे दिसू लागले आणि मग या मार्गावरून त्यांनी माघार घेतली नाही.

त्यांची इच्छा वैद्य होण्याची होती व वैद्यकीय शाळेची प्रवेशपरीक्षाही ते उत्तीर्ण झाले होते. परंतु डोक्यावरील पारंपरिक केशबंध कापल्याशिवाय प्रवेश मिळेना आणि घरचे वडीलधारे तर तो प्राणापलीकडे जपणारे. प्रवेश सोडावा लागला. पुढे 1888 साली शिक्षकाच्या नोकरीसाठी तो केशबंध कापावाच लागला, तेव्हा आई-वडिलांचा रोष त्यांना सहन करावा लागला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुलांना शिकविले.

त्या काळी कराटे उघडपणे शिकविले जात नसे. दिवसभर शाळा करून रात्री मिणमिणता कंदील हाती घेऊन फुनाकोशी गुरुगृही जात. उत्तररात्री परतणारा हा तरुण भलत्याच ठिकाणी जात असावा, अशी कुजबुज शेजाऱ्यांत होई. त्यांनी तिचा कधी खुलासा केला नाही. अझातो गुरुजी ओसरीवर ताठ बसत आणि शिष्य अंगणात 'काता' करी. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी करावयाच्या लढतीचा, पावले, अडवणूक व ठोसे ठरीव क्रमाने गुंफून बांधलेला पाठ. तो एकदा संपला की गुरुजी पुन्हा करावयास सांगत, आणि तो संपला की आणखी एकदा. नवा पाठ मागण्याची सोय नव्हती. एकच पाठ आठवडे, महिने चाले, आणि गुरुजींच्या मुखातून संमतीचा एखादा शब्द निघाला तर तेच मोठे पारितोषिक.

पुढे दुसरे गुरू इतोसु अँको यांच्या हाताखाली तेक्की नावाचे तीन काता त्यांनी साध्य केले. या तिहींस मिळून दहा वर्षे लागली. पाहणाऱ्यास हा पाठ अगदी साधा वाटतो. त्यात उड्या नाहीत की गिरक्या नाहीत. घोड्यावर बसल्याप्रमाणे पाय फाकवून, गुडघे वाकवून आणि पाठ ताठ ठेवून एका सरळ रेषेत डावी-उजवीकडे सरकावयाचे, एवढेच. पण त्या स्थितीत थोडा वेळ जरी कोणी उभा राहिला, तरी मांड्या भरून येतात व पाय थरथरू लागतात. ठोशाचे बळ दंडात नसते. ते पावलांतून व कमरेतून वर यावे लागते. हे बुद्धीला एका घटकेत समजते, शरीरास समजावयाला वर्षे लागतात. पाढा मुखोद्गत झालेल्या मुलास साता नव्वे किती हे आठवावे लागत नाही, त्याप्रमाणे शरीराला विचारावे न लागता योग्य हालचाल घडावी, यासाठी ही आवर्तने.

या बैठकीचे वेड किती होते पाहा. एकदा ओकिनावावर भयंकर वादळ झाले असता हा तरुण घराच्या छपरावर चढला. हाती चटई धरून व तीच अश्वारूढ बैठक घेऊन तो वाऱ्यासमोर उभा राहिला. वाऱ्याने त्याला खाली चिखलात फेकून दिले. तो पुन्हा वर चढला!

घरची स्थिती मात्र बेताची होती. पगार महिना तीन येन आणि खाणारी माणसे दहा. त्यांच्या पत्नीने हातमागावर कापड विणून व शेतात राबून संसार सावरला. पतीच्या रात्रींच्या जागरणाबद्दल त्या माउलीने कधी तक्रार केली नाही. उलट सवड मिळे तेव्हा तीही काता करी. फुनाकोशींच्या तपश्चर्येतील निम्मा वाटा या साध्वीचा आहे, असे म्हणणे वावगे होणार नाही.

अशा अभ्यासाने हातात बळ आले, त्याहून अधिक मनात आले. एका रात्री रस्त्यात दोन धटिंगणांनी त्यांना अडविले. पूर्वजांपुढे ठेवण्यासाठी आणलेली मिठाई त्यांच्याजवळ होती. हात न उगारता त्यांनी ती त्या दोघांस देऊन टाकली व वाट धरली. ही हकीकत ऐकून गुरुजनांनी त्यांची प्रशंसाच केली. ज्याला जिंकण्याची खात्री असते, त्याला जिंकून दाखविण्याची घाई नसते.

1922 साली शिक्षण खात्याने टोकियोत भरविलेल्या प्रदर्शनासाठी ते राजधानीत गेले. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. परतीचा बेत रद्द करून फुनाकोशी टोकियोतच राहिले. तेव्हा त्यांना चौपन्नावे वर्ष चालू होते व पत्नी दूर ओकिनावात होती. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी रखवालदारी व बागकाम पत्करले. दिवसा खोल्या झाडाव्या आणि रात्री शिकवावे, असा क्रम होता. जेवणाच्या खर्चात सूट मिळावी म्हणून तेथील आचाऱ्यासही त्यांनी कराटेचे धडे दिले. 1924 साली कानोंच्या पद्धतीस अनुसरून त्यांनी आपल्या काही शिष्यांस प्रथमच काळे पट्टे दिले. पुढे टोकियोत शिष्यांनी प्रशिक्षणगृह उभारून त्यास शोतोकान हे नाव दिले. 'शोतो' हे फुनाकोशींचे काव्यलेखनातील टोपणनाव.

1945 साल त्यांना फार कठीण गेले. बाँबहल्ल्यात शोतोकान भस्मसात झाले आणि त्याच वर्षी त्यांचा कर्तबगार मुलगा योशिताका मरण पावला. 1947 साली पत्नीनेही इहलोक सोडला. तरीही वृद्ध फुनाकोशी टोकियोस परतले व शिष्यांना पुन्हा शिकवू लागले. 26 एप्रिल 1957 रोजी, 88 वर्षांचे असता, त्यांचे देहावसान झाले. फार दिवस न जगणारे म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तेच हे मूल!

आज वर्गास जाणाऱ्या मुलाला घरी परतताच आपण विचारतो, पुढचा पट्टा कधी मिळणार? प्रश्न प्रेमापोटीच येतो. परंतु काळे पट्टे देण्याची प्रथा कराटेत ज्यांनी आणली, त्यांनी स्वतः मात्र पट्टा नसलेल्या काळात, बिनपट्ट्याने, रात्रीच्या अंधारात दहा वर्षे तेच तीन पाठ गिरविले होते. तेव्हा मूल जुनाच पाठ पुन्हा करीत असल्याचे सांगेल, त्या दिवशी पालकांनी खट्टू होऊ नये आणि शिक्षकावर रुसू नये. तो पाठ पाहण्यासाठी घटकाभर ओसरीवर बसावे व संपल्यावर आणखी एकदा करावयास सांगावे. अझातो गुरुजींनी याहून फारसे वेगळे काही केले नव्हते.